‘परमिट रूट लॉगिन येस’ लिहिलं, तरी रूट आत येत नाही

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. मडगावच्या एका ऑफिसात अल्मालिनक्स ९ चा सर्व्हर आहे. आधीच्या कंत्राटदाराने तो सीआयएस बेंचमार्कच्या (सर्व्हर सुरक्षित करायच्या प्रमाणित यादीच्या) नियमांप्रमाणे कडक करून दिला आणि काम संपवून गेला. आता बॅकअपसाठी नवं यंत्र घेतलंय. त्याचं सॉफ्टवेअर एसएसएचवरून (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सुरक्षित वाट) थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून आत यायला मागतं. मुख्य कॉन्फिग फाइलीत ‘परमिट रूट लॉगिन येस’ लिहून झालं, सर्व्हिस रीस्टार्ट झाली, रूटचा पासवर्डही नवा ठेवला. तरी दुपारभर प्रत्येक वेळी ‘परमिशन डिनाइड’. आता आणखी काय उघडायचं?

आणखी काही उघडू नका. आधी अडवतंय कोण ते बघा. कडक केलेल्या सर्व्हरवर रूटच्या वाटेत पाच-सहा कुलपं असतात आणि बाहेरून सगळ्यांचा आवाज एकच येतो, ‘परमिशन डिनाइड’. माणूस वैतागून एकेक कुलूप फोडत सुटतो. सहावं फुटलं की रूट आत येतो, पण आधीची पाच का फोडली याची नोंद कुठेच राहत नाही. असे सर्व्हर मी पणजीत पाहिलेत, म्हापशात पाहिलेत, आणि ते पुन्हा जागेवर आणायला नवा सर्व्हर उभा करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

(सेटिंगांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून इथे तोडून लिहितोय. फाइलीत ती जोडून आणि इंग्रजी अक्षरांत लिहायची.)

फाइलीला हात लावण्यापूर्वी एक काम करा. आत्ता ज्या साध्या युजरने आत आहात, ती खिडकी उघडीच ठेवा आणि तिच्यात सुडो (साध्या युजरला रूटचे अधिकार देणारी आज्ञा) करून रूट होऊन बसा. एसएसएचची सर्व्हिस रीलोड किंवा रीस्टार्ट झाली तरी आधीपासून जोडलेलं सेशन तुटत नाही. नवं लॉगिन दुसऱ्या खिडकीतून तपासायचं. ते चाललं की मगच पहिली खिडकी बंद.

हे एवढं आग्रहाने सांगायचं कारण आहे. झुआरीवर जुना एकच पूल होता तेव्हाची गोष्ट. वेर्ण्याच्या एका कारखान्याचा सर्व्हर मी डिचोलीत घरी बसून दुरुस्त करत होतो. कॉन्फिगमध्ये एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं, मी रीस्टार्ट दिला आणि खिडकी स्वतःच बंद केली. चुकीच्या फाइलीवर एसएसएचची सर्व्हिस उठतच नाही. आत जायची दुसरी वाट नव्हती. जुलैचा पाऊस, आगशीपासून पुलापर्यंत गाड्यांची रांग, आणि तिकडे रात्रपाळीची माणसं हजेरीच्या मशीनसमोर ताटकळत उभी. पोचल्यावर मॉनिटर जोडला, कीबोर्ड जोडला आणि एक अक्षर बदललं. त्या एका अक्षरापायी चाळीस माणसं पावसात खोळंबली होती. तेव्हापासून दोन सवयी कधी मोडल्या नाहीत. पहिली, रीलोड देण्याआधी ‘एसएसएचडी डॅश स्मॉल टी’ चालवायचं. फाइलीत चूक असेल तर ओळीच्या नंबरासकट ते तिथल्या तिथे सांगतं, काहीच बोललं नाही तर फाइल ठीक आहे. दुसरी, सर्व्हर लांब असेल तर परतीची वाट आधी लावून ठेवायची. ‘सिस्टिमडी रन’ला ‘ऑन ॲक्टिव्ह’ दहा मिनिटं देऊन सांगायचं की जुनी फाइल परत जागेवर ठेव आणि सर्व्हिस रीलोड कर. सगळं जमलं की तो टायमर थांबवायचा. नाही जमलं तर दहा मिनिटांत सर्व्हर पहिल्यासारखा होतो.

आता तुमच्या कुलपाकडे. माझा पहिला संशय असा आहे की तुम्ही लिहिलेली ओळ एसएसएच वाचतो, पण मानत नाही. एसएसएचच्या सर्व्हरचा नियम असा की एखादं सेटिंग दोनदा आलं तर पहिलं धरायचं. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये शेवटचं चालतं, म्हणून हात आपोआप फाइलीच्या तळाशी जातो. आणि रेड हॅटच्या ९ नंबरच्या घराण्यात, म्हणजे अल्मा आणि रॉकीतही, मुख्य फाइलीत वरच एक ‘इन्क्लूड’ची ओळ असते. ती ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ या फोल्डरातल्या सगळ्या फाइली नावाच्या क्रमाने आधी ओढून घेते. ओपनस्कॅपने (सुरक्षेचे नियम तपासून लावणाऱ्या साधनाने) सर्व्हर कडक केला असेल तर त्या फोल्डरात शून्य शून्यने सुरू होणारी ‘कॉम्प्लायन्स ॲज कोड हार्डनिंग’ नावाची फाइल हमखास सापडते. तिच्यात ‘परमिट रूट लॉगिन नो’ असेल. म्हणजे तुमचा ‘येस’ यायच्या कितीतरी आधी ‘नो’ धरून झालेलं असतं.

अंदाज बांधत बसू नका, सर्व्हरलाच विचारा. ‘एसएसएचडी डॅश कॅपिटल टी’ सुडोने चालवलं की सगळ्या फाइली वाचून शेवटी कोणतं सेटिंग ठरलं ते तो छापून देतो. त्याला ‘डॅश कॅपिटल सी’ जोडून ‘युजर रूट, (आयपी) पत्ता अमुक’ असं सांगितलं, तर त्या पत्त्यावरून येणाऱ्या रूटला कोणता नियम लागेल तेही कळतं. कुणी मला फोनवर ‘सगळं केलं, तरी होत नाही’ म्हणालं की मी पहिल्यांदा याच आज्ञेचं उत्तर वाचून दाखवायला सांगतो. निम्म्याहून जास्त वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

‘येस’ लागू असूनही अडत असेल तर लॉग उघडा. अल्मावर तो ‘व्हार लॉग’मधल्या ‘सिक्युअर’ फाइलीत असतो, उबुंटू-डेबियनवर ‘ऑथ डॉट लॉग’मध्ये. एका खिडकीत ‘टेल डॅश एफ’ लावून ठेवा आणि दुसरीकडून एकदाच प्रयत्न करा. बाहेरच्याला एसएसएच मुद्दामच काही सांगत नाही, पण आतल्या लॉगात खरं कारण लिहून ठेवतो.

‘नॉट लिस्टेड इन अलाउ युजर्स’ असं दिसलं, तर येणाऱ्यांची वेगळी यादी ठेवलेली आहे आणि रूट तिच्यात नाही. ‘अलाउ ग्रुप्स’चंही तसंच. दोन्ही याद्या असतील तर दोन्हींत बसावं लागतं. ‘ॲक्सेस डिनाइड बाय पॅम अकाउंट कॉन्फिगरेशन’ आलं तर अडवणारा एसएसएच नाही, पॅम आहे, म्हणजे लिनक्सची लॉगिन तपासणारी वेगळी यंत्रणा. तेव्हा सिक्युरिटी फोल्डरातली ‘ॲक्सेस डॉट कॉन्फ’ बघा. ‘पॅम फेललॉक’चं नाव आणि पुढे ‘टेम्पररिली लॉक्ड’ असेल, तर चुकीच्या प्रयत्नांमुळे रूटचं खातं काही वेळापुरतं बंद झालंय. एरवी फेललॉक रूटला सोडतो, पण कडक केलेल्या सर्व्हरवर ‘ईव्हन डिनाय रूट’ अनेकदा चालू केलेलं असतं. तुम्ही दुपारभर प्रयत्न करताय म्हणता, तर हे कुलूप तुमच्याच हाताने लागलं असायची बरीच शक्यता आहे. ‘फेललॉक’ला युजर रूट आणि ‘रीसेट’ सांगितलं की ते सुटतं. पण बॅकअपचं यंत्र मागे चुकीच्या पासवर्डने ठोठावत असेल तर काही मिनिटांत पुन्हा लागेल. आधी ते यंत्र थांबवा.

पासवर्डऐवजी चावीने (एसएसएच कीने) येताना अडत असेल तर दोनच गोष्टी बघा. ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ असेल तर परवानग्या सैल आहेत. रूटच्या घरातलं ‘डॉट एसएसएच’ फोल्डर ७००, आतली ‘ऑथराइज्ड कीज’ (चालणाऱ्या चाव्यांची फाइल) ६००, आणि रूटच्या घरात इतर कुणाला लिहायची मुभा नको. परवानग्या बरोबर असूनही चावी चालत नसेल तर एसई लिनक्स, म्हणजे फाइलींवरची लेबलं बघून अडवणारी यंत्रणा. फाइल दुसऱ्या युजरच्या घरातून ‘एमव्ही’ने हलवली की जुनं लेबल तिला चिकटून येतं. ‘रिस्टोरकॉन’ त्या फोल्डरावर चालवा. एसई लिनक्सच बंद करून टाका असा सल्ला कुठेतरी वाचाल. तो मानू नका.

क्लाउडवरच्या मशीनचं प्रकरण थोडं वेगळं आहे. तिथे क्लाउड इनिट (मशीन पहिल्यांदा उठताना तिची मांडणी करणारा प्रोग्रॅम) रूटच्या ‘ऑथराइज्ड कीज’मध्ये चावीच्या पुढे एक आज्ञा बसवतो. रूट आत येतो, ‘दुसऱ्या युजरने या’ एवढा निरोप दिसतो आणि काही सेकंदांत सेशन मिटतं. तिथे एसएसएचचं सेटिंग बदलून उपयोग नाही, त्या ओळीतली आज्ञा काढावी लागते.

आता खरा मुद्दा. सगळी कुलपं सापडली म्हणून सगळी काढायची नसतात. तुम्हाला रूट हवाय तो एका यंत्रासाठी, एका कामासाठी. मग दार तेवढंच उघडा. रूटला पासवर्डने, कुठूनही, कायमचं आत घेणं ही मागणी बॅकअप सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात छापलेली असते, कारण छापणाऱ्याला ते सोपं पडतं. ओपनएसएसएचने स्वतःच २०१५ साली ७.० आवृत्तीत रूटसाठी पासवर्ड बंद करून ‘प्रोहिबिट पासवर्ड’ हे मूळ सेटिंग केलं. रेड हॅटनेही ९ मध्ये तेच केलं. एवढी वर्षं त्या धोरणाला झाली तरी माहितीपत्रकं बदलत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. कारण त्याची किंमत छोट्या ऑफिसातला एकटा संगणक सांभाळणारा माणूस मोजतो.

मी असं करतो. वरचा ‘परमिट रूट लॉगिन नो’ जिथे आहे तिथेच राहू देतो. मुख्य फाइलीच्या अगदी शेवटी ‘मॅच’चा एक गट लिहितो. युजर रूट, पत्ता फक्त बॅकअप यंत्राचा, समजा १९२.१६८.१०.२५, आणि त्याखाली ‘परमिट रूट लॉगिन प्रोहिबिट पासवर्ड’. मॅचखाली लिहिलेलं सेटिंग सर्वसाधारण सेटिंगाच्या वर चढतं, त्यामुळे पहिलं-दुसरं असा घोळ होत नाही. हा गट शेवटी हवा, कारण पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंतच्या सगळ्या ओळी त्याच्याच होतात. येणाऱ्यांची यादी असेल तर तिच्यात नुसतं रूट लिहू नका, ‘रूट ॲट १९२.१६८.१०.२५’ लिहा.

यंत्राचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसातून चारदा वीज जाते-येते. राउटर उठताना यंत्राला भलताच पत्ता देतो आणि बॅकअप बंद पडतो. याहून वाईट म्हणजे तोच जुना पत्ता कुणाच्या तरी लॅपटॉपला मिळतो. म्हणून पत्त्याच्या जोडीला चावी हवीच.

चावी यंत्रावर तयार करा आणि फक्त सार्वजनिक भाग सर्व्हरवर आणा. एड २५५१९ प्रकारची बरी. सर्व्हर फिप्स मोडमध्ये (अमेरिकी सरकारच्या क्रिप्टो मानकाप्रमाणे) असेल तर ती चालणार नाही, मग ईसीडीएसए घ्या. आणखी एक बारकी गोष्ट: यंत्राचं सॉफ्टवेअर जुनं असेल आणि आरएसए चावीची सही एसएचए १ ने करत असेल, तर ९ नंबरची सिस्टिम ती नाकारते. तेव्हाही बाहेर ‘परमिशन डिनाइड’च दिसतं आणि लोक रूटचं सेटिंग खोदत बसतात. सॉफ्टवेअर अपडेट करायला सांगा. सर्व्हरचं क्रिप्टो धोरण सैल करून त्याला जागा करून देऊ नका.

‘ऑथराइज्ड कीज’मध्ये चावीच्या ओळीच्या सुरुवातीला काही शब्द घालता येतात. सगळ्यात जास्त काम तेच करतात, तरी फार थोडे लोक ते वापरतात. ‘फ्रॉम’ लिहून तोच पत्ता द्या. ‘रिस्ट्रिक्ट’ लिहा, म्हणजे टर्मिनल, पोर्ट पुढे ढकलणं, एजंट हे सगळं एका शब्दात बंद. ‘एक्स्पायरी टाइम’ लिहून वर्ष-महिना-दिवस सलग द्या, त्या तारखेनंतर चावी आपोआप निकामी. आणि ‘कमांड’ लिहून ठरलेलं एकच काम द्या. यंत्र एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइली नेण्याची पद्धत) फाइली नेत असेल तर ‘इंटर्नल एसएफटीपी डॅश कॅपिटल आर’, म्हणजे फक्त वाचता येईल. आरसिंकने (फाइलींची प्रत करणाऱ्या प्रोग्रॅमने) नेत असेल तर ‘आरआरसिंक’ला (आरसिंकला एका फोल्डरात बांधणाऱ्या स्क्रिप्टला) ‘डॅश आरओ’ आणि फोल्डराचं नाव द्या. असं केल्यावर उद्या यंत्रावरून चावी चोरीला गेली तरी चोराच्या हाती त्या फोल्डराचं वाचन येईल, अख्खा सर्व्हर येणार नाही. कमांड बांधून चालली तर मॅचमधलं ‘प्रोहिबिट पासवर्ड’ काढून ‘फोर्स्ड कमांड्स ओन्ली’ करा. मग कमांड नसलेली कुठलीही चावी रूटला उघडत नाही, कुणी मागाहून चुकून घातली तरीही.

त्याच्याही आधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: वेगळा युजर चालेल का, ज्याला फक्त आरसिंकपुरता, पासवर्ड न विचारणारा सुडो दिलाय? आरसिंकला पलीकडचा प्रोग्रॅम ‘सुडो आरसिंक’ आहे असं सांगता येतं. मात्र सुडोच्या फाइलीत ती आज्ञा तिच्या सगळ्या शब्दांसकट बांधा. नुसतं ‘आरसिंक’ मोकळं ठेवलं तर त्यातून कुठलीही फाइल लिहिता येते, आणि मग तो युजर नावाचाच वेगळा. दहापैकी बऱ्याच वेळा विक्रेता ‘हो, चालेल’ म्हणतो. कुणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही, इतकंच.

आता माणसांसाठी रूट. तुम्ही पुढे विचारलंय की यंत्रासाठी उघडतोच आहोत तर आमच्या तिघांनाही थेट रूटने येऊ द्यावं का, सुडोचा त्रास वाचेल. नको. इथे मात्र ठाम नको.

पणजीतल्या एका ऑफिसात रूटचा पासवर्ड तिघांना माहीत होता. एका सोमवारी सकाळी जुन्या दस्तऐवजांच्या स्कॅनचं एक फोल्डर गायब. बॅकअप अर्धाच होता. संशय गेला तिथल्या सर्वात नव्या मुलावर, कारण शनिवारी तो उशिरापर्यंत थांबला होता. मला बोलावलं. ऑडिटचा लॉग चालू होता, फाइल कधी पुसली ती वेळ सेकंदासकट मिळाली. पण लिनक्सचा ऑडिट प्रत्येक कामापुढे जो ‘ऑडिट आयडी’ लिहितो, तो आत येताना माणूस कोण होता यावर ठरतो. साध्या युजरने येऊन सुडो केलं तर पुढे कितीही वेळा रूट झालात तरी तिथे तुमचाच नंबर राहतो, १००१ किंवा १००२. थेट रूटने आलं तर तिथे शून्य. माझ्यासमोर ओळीमागून ओळ शून्यच होतं. तीन माणसं, एक शून्य. त्या मुलाने काही केलं नसेल असं मला आजही वाटतं, पण ते सिद्ध करायला माझ्या हातात काहीच नव्हतं. पुढच्या महिन्यात तो नोकरी सोडून गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा बोलला काहीच नाही, फक्त ऑफिसच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. सुडो टाइप करायला लागतात दोन सेकंद. ती वाचवायचं कुणी म्हटलं की मला तो मुलगा आठवतो.

यंत्राच्या बाबतीत हा प्रश्न इतका टोचत नाही, कारण चावीने आलेल्या प्रत्येक लॉगिनला लॉगात त्या चावीचा ठसा पडतो. ‘ॲक्सेप्टेड पब्लिक की फॉर रूट’ या ओळीच्या शेवटी तो असतो. एका कामाला एक चावी ठेवली तर कोण आलं ते वाचता येतं. हे लॉग सांभाळा. सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस देशात ठेवावे लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. अल्मावर लॉगरोटेटचा (जुने लॉग काढून टाकणाऱ्या प्रोग्रॅमचा) मूळ हिशेब चार आठवड्यांचा असतो, तो वाढवून घ्या.

दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक, कडक करणारी ओपनस्कॅपची किंवा अन्सिबलची स्क्रिप्ट ठरावीक वेळाने पुन्हा चालते का? चालत असेल तर तुमचा बदल एखाद्या रात्री पुसला जाईल आणि बॅकअप गुपचूप थांबेल. त्या स्क्रिप्टमध्येच हा अपवाद नोंदवा. दुसरी, बंद करायची तारीख. चवथीच्या आदल्या दिवशी ‘तात्पुरतं’ उघडलेलं दार सगळी माणसं गावाला गेली की तसंच राहतं. बाहेरून ठोठावणाऱ्यांना चवथ नसते. इंटरनेटला उघड्या असलेल्या सर्व्हरवर रूटच्या नावाने पासवर्ड आजमावणं रात्रंदिवस चालू असतं. ‘लास्टबी’ चालवून बघा, पानंच्या पानं निघतील. एक्स्पायरीची तारीख चावीतच घातली असेल तर तुमच्या विसरण्याने बिघडत नाही.

तुम्ही आजच्या आज करायचं ते असं: यंत्र थांबवा, फेललॉक रीसेट करा, मुख्य फाइलीतला तुमचा ‘येस’ काढून टाका, रूटचा नवा पासवर्ड ‘पासडब्ल्यूडी डॅश एल’ने कुलूपबंद करा. त्याने चावीचं लॉगिन अडत नाही. पण मशीन इमर्जन्सी मोडमध्ये उठलं तर ते रूटचाच पासवर्ड मागतं. सर्व्हर लांब असेल तर पासवर्ड लांबलचक ठेवून बंद पाकिटात तिजोरीत ठेवा, कुलूप लावू नका. मग मॅचचा गट लिहा, स्मॉल टी, रीलोड, आणि दुसऱ्या खिडकीतून तपासणी. तरीही अडलं तर कॅपिटल टीच्या उत्तरातली ‘परमिट रूट लॉगिन’ची ओळ, अलाउच्या ओळी आणि त्या क्षणाचा लॉग एवढं पाठवा. पासवर्ड आणि खाजगी चावी मात्र मलाही पाठवू नका.